एफझेड२००, कासची फुलं आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर चढवायच्या काचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला साताऱ्यात, पॅनासॉनिकचा एफझेड२०० हा झूम कॅमेरा सेकंडहँड मिळाला आहे. सप्टेंबरात कास पठार आणि ठोसेघरचा धबधबा, थंडीत मायणीच्या तलावावर पक्षी, असा बेत आहे. ऑनलाइन ५२ मि.मी.चा एक भरगच्च सेट स्वस्तात दिसतोय. त्यात ०.४५ एक्स वाइड (दृश्य रुंद करणारा) आणि २.२ एक्स टेली (लांबचं जवळ आणणारा) कन्व्हर्टर, चार क्लोज-अप काचा, यूव्ही, सीपीएल (चकाकी पुसणारा पोलरायझर) आणि एनडी (प्रकाश कमी करणारी काळी काच) हे फिल्टर आणि पुसायचं फडकं आहे. घ्यावा का, आणि नाही तर काय घ्यावं?

घेऊ नका. त्यातलं फडकं तेवढं कामाचं निघेल. त्या पैशात थोडी भर घालून दोनच वस्तू घ्या: दोन भिंगं चिकटवून केलेली एक चांगली क्लोज-अप लेन्स, म्हणजे अ‍ॅक्रोमॅट, आणि एक बरा सीपीएल. एनडी जमलं तर तिसरा. टेली कन्व्हर्टर बऱ्याच विचारानं, आणि वाइडच्या वाटेला जाऊच नका.

आधी हातातला कॅमेरा नीट ओळखा, कारण सगळा हिशेब त्यावर आहे. एफझेड२०० वर २५ ते ६०० मि.मी. असं सांगतात ते फिल्मच्या मापात. प्रत्यक्षात त्याचं भिंग ४.५ ते १०८ मि.मी. आहे आणि मागचा सेन्सर जेमतेम ६.२ मि.मी. रुंद. या भिंगाची मोठी गोष्ट म्हणजे पूर्ण झूमलाही एफ/२.८ टिकतं (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे भिंगाच्या उघड्या भोकाचा आकडा; लहान आकडा, मोठं भोक). १०८ ला २.८ ने भागा: साधारण ३९ मि.मी. म्हणजे पूर्ण झूमला प्रकाश आत येण्याची वाट ३९ मि.मी. रुंद असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं दोनदा लागणार आहे.

क्लोज-अप लेन्सचं गणित सोपं आहे. तिच्यावर डायॉप्टर लिहिलेलं असतं, +२, +४ असं. कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर असला की वस्तू काचेपासून १ मीटर भागिले डायॉप्टर एवढ्या अंतरावर स्पष्ट दिसते. +२ ला ५० सें.मी., +४ ला २५ सें.मी. आणि मोठेपणा किती, तर खरी फोकल लेंग्थ (वरचे ४.५ ते १०८ मि.मी.) गुणिले डायॉप्टर भागिले १०००. तुमच्या कॅमेऱ्यात पूर्ण झूमला १०८ × २ ÷ १००० = ०.२२. म्हणजे चौकटीत साधारण २९ मि.मी. रुंदीची जागा मावते. तेरड्याचं एक फूल त्यात भरून उरेल. हीच काच वाइडला, ४.५ मि.मी.वर लावलीत तर काहीच पदरात पडत नाही. क्लोज-अप काचेचा जोर झूमवर अवलंबून असतो, हे ठाऊक नसलं की माणूस उगाच +१० च्या मागं लागतो.

आता कासला हे का महत्त्वाचं ते बघा. तिथं पायवाट सोडून फुलांत शिरता येत नाही आणि शिरूही नये. तुमचा कॅमेरा पूर्ण झूमला मॅक्रो मोडमध्येही १ मीटरपेक्षा जवळचा फोकस घेत नाही. वाइडला १ सें.मी.पर्यंत घेतो, पण त्यासाठी कॅमेरा फुलाला टेकवावा लागतो, मग त्याचीच सावली फुलावर पडते. +२ लावलीत आणि मॅक्रो मोड चालू ठेवलात तर साधारण ३३ ते ५० सें.मी. या पट्ट्यात फोकस बसतो. वाटेच्या कडेला उकिडवं बसून हात पुढं केला की तेवढंच अंतर. सावली नाही, पाय फुलावर नाही.

सीतेची आसवं किंवा दवबिंदू या रानफुलांसारखं नखाएवढं काही हवं असेल तर रेनॉक्सची डीसीआर-१५०. ही +४.८ डायॉप्टरची आहे. १०८ × ४.८ ÷ १००० म्हणजे ०.५२, चौकटीत १२ मि.मी. अंतर साधारण १७ ते २१ सें.मी. तिची मोठी बहीण डीसीआर-२५०, +८ ची. तिला अंतर १२ सें.मी.च्या आसपास आणि चौकटीत ७ मि.मी. पठारावर २५० चा उपयोग फार कमी. कारण वारा.

जाडीचा हिशेब करून बघा. एफ/५.६ ला +२ काचेनं सुमारे दीड मि.मी. जाडीचा भाग स्पष्ट येतो. १५० ने तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कासच्या वाऱ्यात गेंदाचा बोंडा एका जागी तिसरा हिस्सा मिलिमीटर थांबेल, ही आशा धरण्यात अर्थ नाही. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करून एफ/८ ला जावं, तर एवढ्याशा सेन्सरवर विवर्तनामुळं, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्यामुळं, सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून पहिली खरेदी +२ किंवा +३ च्या आसपासची, आणि वाऱ्याची खोड कळल्यावर १५०.

सेटमधल्या +१, +२, +४, +१० मध्ये वाईट काय? त्या एकेरी काचेच्या असतात. एकेरी भिंग लाल आणि निळा रंग एकाच ठिकाणी आणत नाही, त्यामुळं पांढऱ्या पाकळीला जांभळी-हिरवी किनार येते. वाइडला प्रकाश काचेच्या मधल्या लहानशा भागातून जातो, म्हणून दोष झाकला जातो. पूर्ण झूमला मात्र ते ३९ मि.मी. वापरात येतात आणि काचेची कडेची लबाडी उघडी पडते. वर दोन-तीन काचा एकावर एक चढवल्या की संपलंच. अ‍ॅक्रोमॅटमध्ये दोन वेगळ्या जातींची भिंगं एकमेकांचा रंगदोष खोडतात.

ओळखायचं कसं? दुकानात ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरा. एकेरी भिंगात ट्यूबची दोन प्रतिबिंबं दिसतात, पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाची. चिकटवलेल्या दोन भिंगांत मधल्या जोडाचं तिसरं, अगदी फिकट प्रतिबिंब दिसतं. प्रतिबिंब पांढरंफटक असेल तर कोटिंग नाही. हिरवट-जांभळट दिसलं तर आहे.

कॅननची जुनी ५००डी क्लोज-अप लेन्स +२ ची अ‍ॅक्रोमॅट आहे आणि २५०डी +४ ची. दोन्ही ५२ मि.मी.मध्ये निघत होत्या आणि थ्रेड (भिंगाच्या तोंडावरचे आटे) जुळला की कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर चालतात. जुन्या बाजारात विचारायला हरकत नाही. फक्त दुकानात ‘५००डी’ म्हटलं की आधी त्या नावाचा डीएसएलआर समोर ठेवतील; ‘क्लोज-अप लेन्स’ हे शब्द आधी उच्चारा. रेनॉक्सबरोबर चिमट्याचा अ‍ॅडॉप्टर येतो. तो ५२ ते ६७ मि.मी.च्या कुठल्याही थ्रेडवर दाबून बसतो, वजन किरकोळ, काढायला दोन सेकंद. वाइडला काळं वर्तुळ दिसेल, घाबरू नका. वर्तुळ जाईपर्यंत झूम करा आणि पूर्ण झूमच्या आसपासच वापरा.

वापरायची पद्धत अशी: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ/४ ते ५.६, शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नका, त्यासाठी आयएसओ ४०० पर्यंत चालेल. फोकसचा चौकोन एकच आणि लहान. एकदा फोकस धरला की बटण अर्धं दाबून ठेवा आणि अंगच किंचित मागंपुढं करा, स्पष्ट दिसलं की दाबा. बर्स्टमध्ये चार-पाच फोटो घेतलेत तर एखादा नेमका लागतो. अंगचा फ्लॅश इतक्या जवळून एक तर भगभगीत पडतो, नाही तर चौकटीच्या खालच्या बाजूला काचेचीच सावली येते. पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद फुलाच्या सावलीच्या बाजूला धरा, तेवढा पुरे.

आता टेली. तोंडावर चढवायचा टेली कन्व्हर्टर म्हणजे कॅमेऱ्यापुढं धरलेली दुर्बीणच. डीएसएलआरमध्ये भिंगाच्या मागं बसणाऱ्या कन्व्हर्टरनं प्रकाश घटतो, १.४ एक्सला एक स्टॉप आणि २ एक्सला दोन (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). पुढच्या कन्व्हर्टरनं घटायचं कारण नाही, पण एका अटीवर: त्याची पुढची काच पुरेशी मोठी हवी. इथं ३९ चा आकडा पुन्हा येतो. १.७ एक्ससाठी ३९ × १.७, म्हणजे ६६ मि.मी.ची पुढची काच हवी. २.२ एक्स खरोखर २.२ असेल, तर ८५ मि.मी. हवी. सेटमधल्या टेलीच्या पुढच्या काचेला पट्टी लावा. ती त्याच्या जवळपासही नसते. म्हणजे तुमचा एफ/२.८ तिथंच गेला, कडा काळवंडल्या, आणि रंगाची किनार वेगळीच.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ही पैशाची गोष्ट आहे. एफझेड२०० चा ५२ मि.मी.चा थ्रेड पुढं-मागं सरकणाऱ्या नळीवर आहे. फिल्टरचं वजन ती सहज पेलते. जड कन्व्हर्टर थेट त्यावर लावला तर नळी ढकलणाऱ्या इवल्याशा मोटरवर आणि प्लास्टिकच्या दातेरी चाकांवर ताण येतो. नळी तिरकी बसते, मग चालू करताना अडकते, आणि पडद्यावर लेन्स एररचा संदेश. दुरुस्तीचा खर्च जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीशी बोलायला लागतो. म्हणून पॅनासॉनिकनं यासाठी डीएमडब्ल्यू-एलए८ नावाची ट्यूब दिली होती. ती न हलणाऱ्या भागावर बसते आणि भार कॅमेऱ्याच्या अंगावर जातो. त्यावर त्यांचा ५५ मि.मी. थ्रेडचा १.७ एक्सचा एलटी५५ बसतो. ६०० चे १०२० होतात. ट्यूब इतर कंपनीची घेत असाल तर नळी पूर्ण बाहेर आल्यावरही काचेला टेकत नाही याची खात्री पैसे देण्याआधी करा. ट्यूबवर नुसतीच रिंग लावा, कॅमेरा चालू करा, शेवटपर्यंत झूम करा आणि फट डोळ्यांनी बघा. मेनूत कन्व्हर्जनची सेटिंग आहे, ती टेलीवर ठेवा, म्हणजे स्टॅबिलायझरला खरी फोकल लेंग्थ कळते. कन्व्हर्टर काढल्यावर ती बंद करायला विसरू नका.

मायणीसाठी हे सगळं घ्यावं का? माझं मत: लगेच नको. १.७ एक्सचं काम कापून करून बघा. १२ मेगापिक्सेलला १.७ च्या वर्गानं, २.८९ ने, भागलं तर ४ मेगापिक्सेल उरतात. सहा बाय चारच्या प्रिंटला ३०० डीपीआयनं दोन-सव्वादोन लागतात. मोबाइलवर पाठवायला तर याहून कमी पुरतात. तलावावर सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागली की १०२० मि.मी.ला पक्ष्यापेक्षा ती थरथर जास्त मोठी दिसते. आधी एक थंडी ६०० वर, तिपाईसह, उजाडता उजाडता काढा.

वाइडबद्दल थोडक्यात. ०.४५ एक्सनं २५ चे ११ मि.मी. होतील असं खोक्यावर लिहितात. प्रत्यक्षात कोपरे काळे, कडा पुसट, ठोसेघरचा कडा धनुष्यासारखा वाकलेला. काळे कोपरे जाईपर्यंत झूम केलंत की फिरून २० च्या आसपास येता. त्याऐवजी कॅमेरा उभा धरून, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढेल असे तीन-चार फोटो घ्या आणि जोडा. फुकट होतं. अपवाद ज्या कॉम्पॅक्टमध्ये झूमच नाही त्यांचा: रिको जीआर ३ चा जीडब्ल्यू-४ त्याच एका भिंगासाठी बेतलेला आहे, २८ चे २१ करतो आणि कोपऱ्यांपर्यंत स्वच्छ देतो. फुजीच्या एक्स१०० चे ०.८ आणि १.४ चे कन्व्हर्टरही तसेच.

आता सीपीएल. संगणकावर नंतर करता येत नाही असं काम हाच फिल्टर करतो. पावसानं भिजलेल्या पानांवर आभाळाचं पांढरट प्रतिबिंब असतं, ते पुसतो आणि आतला हिरवा वर येतो. ढगाळ हवेतही हे होतं, म्हणून कासला आणि ठोसेघरला त्याचं खरं काम आहे. पाण्यावरची चकाकी पृष्ठभागापासून साधारण ३७ अंशांवरून बघितली की जवळजवळ पूर्ण जाते. त्याहून फार वरून किंवा फार खालून बघितलं तर कमी. धातूवरची चमक जात नाही, त्यामुळं पितळेच्या समईवर त्याचा प्रयोग करत बसू नका. आणि वाईच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ पाण्यात उतरलेलं हवं असेल, तर फिल्टर उलट फिरवा, नाही तर तेच प्रतिबिंब पुसलं जाईल. इंद्रधनुष्यही असंच गायब होतं.

निळ्या आभाळासाठी साधी खूण: तुमची सावली डाव्या किंवा उजव्या हाताला पडत असेल तर समोरच्या आभाळावर परिणाम जास्त. सावली थेट पुढं पडली किंवा पाठीमागं गेली तर जवळजवळ शून्य. २५ मि.मी.ला आभाळ एका पट्ट्यात गडद आणि बाजूला फिकं दिसतं. तो फिल्टरचा दोष नाही, आभाळच तसं आहे; थोडं झूम करा.

सीपीएल खरा की नुसती काळी काच, हे बघायला दुकानातला कॅल्क्युलेटर मागा. फिल्टरची पुढची बाजू कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडं करून फिरवा, पडदा काळा व्हायला हवा. मग फिल्टर उलटा करून मागची बाजू पडद्याकडं करा आणि फिरवा. आता काळोख येत नाही, फार तर रंग किंचित बदलतो. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर तो साधा लिनियर पोलरायझर आहे. गंमत अशी की तुमच्या कॅमेऱ्यात आरसा नसल्यानं लिनियरसुद्धा बिनधोक चालतो. कुणाच्या कपाटात आजोबांच्या फिल्मच्या काळातला पडून असेल तर तो घ्या. एकाही बाजूनं काळा झाला नाही, तर परत ठेवा. माप ५२ किंवा मोठं चालेल. ५८ चा हातात असेल तर ५२-५८ स्टेप-अप रिंग मिळते. उलट, लहान फिल्टर स्टेप-डाउन रिंगनं बसवू नका, कोपरे जातात.

सीपीएल दीड स्टॉपच्या आसपास प्रकाश खातो. धबधब्याला हा फायदाच आहे. ढगाळ दिवशी आयएसओ १००, एफ/५.६ ला शटर साधारण १/१२५ येतं. एनडी८ म्हणजे तीन स्टॉप, त्यानं १/१५ होतं. पाण्याला धार येते पण रेशीम होत नाही. एनडी६४, सहा स्टॉप, त्यानं अर्धा सेकंद. ठोसेघरला किंवा सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर पाणी दुधाळ हवं असेल तर एनडी६४ घ्या, एनडी८ नको. एनडी१००० तुमच्या कामाचा नाही, फोकस लागायचीच मारामार. फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी हे दोन पोलरायझरच असतात. जास्त काळा केला की चौकटीत फुलीसारखी काळी सावली उमटते, वाइडला सगळ्यात ठळक. स्वस्त एनडीला तांबूस किंवा हिरवट झाक असते, पांढऱ्या कागदाचा एक फोटो लावून आणि एक काढून घेतलात की लगेच कळतं. तिपाई लागेल, दोन सेकंदांचा टायमर लावा, स्टॅबिलायझर बंद करा. दुसरा कॅमेरा घेणाऱ्यांसाठी: कॅननच्या बऱ्याच जी मालिकेत, पॅनासॉनिकच्या एलएक्स७ मध्ये आणि सोनीच्या आरएक्स१०० च्या तिसऱ्या ते पाचव्या आवृत्तीत एनडी आतच आहे, आधी मेनू बघा, मग पैसे काढा.

यूव्ही फिल्टर धुकं कापत नाही. सेन्सरवर आधीच तशी काच असते. धुक्यात, तुषारांत भिंगाला झाकण एवढाच त्याचा उपयोग, आणि तो कासला खराही आहे. पण संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावरचे दिवे काढताना काढून ठेवा, नाही तर प्रत्येक दिव्याचं भूत चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हिरवं उमटेल. सीपीएल लावतानाही यूव्ही काढा, दोन्ही चढवले तर वाइडला कोपरे कापले जातात. रंगीत फिल्टर व्हाइट बॅलन्सनं निकामी केलेत, त्यांचा विचार सोडा.

थ्रेड नसलेल्या कॉम्पॅक्टचं वेगळं. आरएक्स१०० ला सोनीचा चिकटवायचा ४९ मि.मी.चा व्हीएफए-४९आर१ येतो; कॅननच्या एसएक्स५० ला एफए-डीसी६७ए नं ६७ चे फिल्टर बसतात. चुंबकाच्या रिंगाही मिळतात, पण बारीक नळीच्या कॅमेऱ्यावर त्या फक्त पातळ फिल्टरसाठी, क्लोज-अप आणि टेलीसाठी नव्हेत.

आणखी एक गोष्ट या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांची. वाइडला भिंग खरं तर ४.५ मि.मी.चं, त्यामुळं फिल्टरवरचा पाण्याचा थेंबही जवळजवळ फोकसमध्ये येतो. मोठ्या कॅमेऱ्यात जो थेंब दिसतही नाही, तो इथं राखाडी डाग होऊन बसतो. म्हणून पठारावर दर पाच-सहा फोटोंनंतर काच बघा. आधी फुंकणी, मग फडकं, कारण रेतीचा कण तसाच घासला तर कोटिंग जातं. गाडीत एसी लावून आलात तर पिशवी बंदच ठेवून दहा मिनिटं थांबा, नाही तर काच धुरकटते. घरी आल्यावर फिल्टर काढून ठेवा, काच आणि भिंग यांच्यामध्ये ओल अडकली की पावसाळ्यात बुरशी तिथंच धरते. सिलिका जेलची पुडी टाकलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो. फिल्टर अडकला तर मुठीनं आवळू नका, दाबामुळं कडं अंडाकृती होतं आणि आणखी घट्ट बसतं. कड्याभोवती रबरबँड गुंडाळा, तळव्यानं सपाट, हलका दाब द्या आणि फिरवा.